जगाच्या सूचीत नसलेले विज्ञान

संशोधन झाले म्हणजे ते जगाला दिसलेच, असे होत नाही. प्रयोगशाळेत, दवाखान्यात किंवा शेतात हाती आलेला निष्कर्ष आधी शोधनिबंध म्हणून लिहावा लागतो. तो एखाद्या संशोधन नियतकालिकात छापून यावा लागतो. ते नियतकालिक जगातल्या मोठ्या सूचींमध्ये नोंदलेले असावे लागते. शेवटी इतर संशोधकांनी आपल्या निबंधांत त्याचा संदर्भ द्यावा लागतो. या चार पायऱ्या चढल्या तरच संशोधन दिसते, आणि जे दिसते तेवढेच मोजले जाते. प्राध्यापकांची पदोन्नती, संशोधनाची अनुदाने, विद्यापीठांची क्रमवारी आणि देशांची वैज्ञानिक प्रतिष्ठा अशा अनेक गोष्टी या मोजणीवर ठरतात.

मात्र या पायऱ्या सगळ्यांसाठी सारख्या उंचीच्या नाहीत. बोस्टन किंवा लंडनमधल्या संशोधकाला ज्या सहज चढता येतात, त्या मोन्रोव्हिया, ढाका किंवा गडचिरोलीत काम करणाऱ्याला दमवतात. त्यामुळे जगाच्या मोठ्या भागातले संशोधन प्रत्यक्षात होऊनही हिशेबात येत नाही. त्याची किंमत संशोधकांबरोबर सामान्य माणसांनाही मोजावी लागते.

मोजपट्टी कशी तयार झाली

आजच्या मोजणीचे मूळ ग्रंथालयांच्या गरजेत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शोधनिबंधांची संख्या झपाट्याने वाढली आणि हवी ती माहिती शोधणे अवघड झाले. अमेरिकन माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यावर एक उपाय सुचवला. अमेरिकेतल्या वकिलांकडे एकोणिसाव्या शतकापासून एक सूची होती. एखाद्या निकालाचा दाखला पुढे कोणकोणत्या खटल्यांत दिला गेला, हे तिच्यावरून कळे. गारफिल्ड यांनी हीच कल्पना विज्ञानाला लावली. एखाद्या निबंधाचा संदर्भ पुढे कोणी दिला हे शोधता आले, तर त्या विचाराचा पुढचा प्रवास समजतो. अशा प्रत्येक संदर्भाला ‘सायटेशन’ म्हणतात.

फिलाडेल्फियातील त्यांच्या संस्थेने १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध केला. त्यात ६१३ नियतकालिके होती. जगातली सगळी नियतकालिके घेणे त्या काळच्या यंत्रांना आणि खर्चाला झेपणारे नव्हते. शिवाय थोड्या नियतकालिकांतच बहुतेक महत्त्वाचे संदर्भ सापडतात, अशी गारफिल्ड यांची धारणा होती. कोणती नियतकालिके घ्यायची हे ठरवण्यासाठी त्यांनी ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ वापरला. त्याचे गणित सोपे आहे. एखाद्या नियतकालिकाने मागच्या दोन वर्षांत १०० निबंध छापले आणि या वर्षी त्या निबंधांचे एकूण २५० संदर्भ दिले गेले, तर त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर २.५ ठरतो. १९७५ पासून हे आकडे दरवर्षी प्रसिद्ध होऊ लागले.

कोणती नियतकालिके सूचीत घ्यावीत आणि ग्रंथपालाने कोणती विकत घ्यावीत हे ठरवता यावे, एवढाच या आकड्याचा उपयोग होता. पुढे मात्र तो माणसांचे मूल्यमापन करू लागला. निवड समित्या उमेदवाराचा निबंध वाचण्याऐवजी तो कुठे छापला गेला हे पाहू लागल्या. गारफिल्ड यांची सूची आज ‘वेब ऑफ सायन्स’ या नावाने क्लॅरिव्हेट या कंपनीकडे आहे. २००४ मध्ये एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेने ‘स्कोपस’ ही दुसरी मोठी सूची आणली. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी एकेका संशोधकाला लावता येईल असा ‘एच-इंडेक्स’ सुचवला. २००३ पासून निघणाऱ्या शांघाय क्रमवारीत तर विद्यापीठाच्या शंभरापैकी वीस गुण ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या दोन नियतकालिकांतील निबंधांवर आणि आणखी वीस गुण गारफिल्ड परंपरेतल्या सूचींतील निबंधांवर दिले जातात. ग्रंथालयाच्या कपाटासाठी केलेली मोजपट्टी अशी सगळ्या जगाच्या विज्ञानाला लावली गेली.

मोजपट्टीचा कल

या मोजणीत एक चक्र दडलेले आहे. सूचीत शिरायचे असेल, तर नियतकालिकाला आधीच पुरेसे संदर्भ मिळत असावे लागतात. संदर्भ मिळायचे असतील, तर ते लोकांना दिसावे लागते, आणि दिसण्यासाठी सूचीत असावे लागते. सुरुवातीच्या सूचीत प्रामुख्याने अमेरिका आणि पश्चिम युरोपातील नियतकालिके असल्याने हे चक्र त्यांच्या बाजूने फिरत राहिले. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये या प्रवृत्तीला ‘मॅथ्यू परिणाम’ असे नाव दिले. ज्याच्या पदरात आधीच श्रेय आहे त्याच्याच पदरात आणखी पडते, आणि तेच काम करणारा अपरिचित माणूस मागे राहतो, असा त्याचा अर्थ.

मोजणीच्या तपशिलातही असाच कल आहे. दोन वर्षांची मुदत झपाट्याने पुढे जाणाऱ्या शाखांना सोयीची आहे. गणित, वनस्पतींचे वर्गीकरण किंवा एखाद्या जिल्ह्यातल्या जमिनींचा अभ्यास यांना संदर्भ मिळायला दहा-वीस वर्षे लागू शकतात. शिवाय ज्या विषयावर काम करणारे जगात हजारो लोक आहेत, त्यात संदर्भ भरपूर मिळतात. जो आजार किंवा जे पीक चार-दोन देशांपुरतेच आहे, त्यात संदर्भ देणारेच थोडे. संदर्भांची संख्या कामाच्या दर्जाबरोबर त्या विषयात किती गर्दी आहे हेही सांगते. ही दोन उत्तरे वेगळी करण्याची सोय मात्र त्या आकड्यात नाही.

सूचीबाहेर किती संशोधन राहते, याचा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून येतो. कॅनडात तयार झालेल्या ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ या मोफत संगणक प्रणालीवर चालणारी २५,६७१ सक्रिय नियतकालिके त्यात मोजली गेली. ती १३६ देशांतून आणि ६० भाषांतून निघत होती, आणि त्यांतील सुमारे ८० टक्के विकसनशील देशांतील होती. यांपैकी वेब ऑफ सायन्समध्ये केवळ १.२ टक्के आणि स्कोपसमध्ये ५.७ टक्के नियतकालिकांची नोंद सापडली. सूचीबाहेरचे सगळेच काम उत्तम असते असे नाही. पण जे तपासलेच गेले नाही ते दर्जाहीन ठरवणेही बरोबर नाही.

सूचीतून संशोधन गळते तेव्हा ते सगळ्या विषयांतून सारख्या प्रमाणात गळत नाही. इस्माएल राफोल्स, तोमासो चार्ली आणि दिएगो चावारो यांनी भातावरच्या संशोधनाची वेगवेगळ्या सूचींमधली चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहिली. शेतीविषयक संशोधनाची खास सूची असलेल्या ‘कॅब अ‍ॅबस्ट्रॅक्ट्स’मध्ये भारतासारख्या देशांचे काम कितीतरी जास्त दिसले. उत्पादन, पिकाची वाढ, वनस्पतीचे गुणधर्म हे शेतकऱ्याच्या जवळचे विषयही तिथे ठळक होते. वेब ऑफ सायन्स आणि स्कोपसमध्ये रेणवीय जीवशास्त्र आणि जनुकशास्त्र यांचे पारडे जड होते. या दोन सूचींवर विसंबून धोरण आखणाऱ्याला भाताचे संशोधन मुख्यतः प्रयोगशाळेत होते असे वाटेल, आणि अनुदानाचा ओघही तिकडेच वळेल.

न दिसण्याची किंमत

संशोधन नजरेआड राहिल्याने काय होऊ शकते, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण पश्चिम आफ्रिकेतले आहे. २०१४ मध्ये तिथे इबोलाची साथ पसरली तेव्हा हा विषाणू या भागाला नवा आहे, असाच समज होता. पुढे लायबेरियाच्या आरोग्य मंत्रालयातील मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. बर्निस डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८२ चा एक निबंध सापडला. लायबेरियातील लोकांच्या रक्तात इबोलाची प्रतिपिंडे आढळली आहेत, त्यामुळे हा देश इबोलाच्या क्षेत्रात धरायला हवा, असे त्यात लिहिलेले होते. संशोधक जर्मन होते, नियतकालिक युरोपातले होते आणि लेखकांत लायबेरियाचा एकही माणूस नव्हता. तो निबंध संगणकावर उतरवून घ्यायला ४५ डॉलर लागत. तिथल्या डॉक्टरला ही रक्कम अर्ध्या आठवड्याच्या पगाराएवढी पडे. डॉ. डान यांनी हे सारे एप्रिल २०१५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये मांडले. साथ संपेपर्यंत एकट्या लायबेरियात ४,८०० हून अधिक माणसे दगावली होती. निबंध वेळेवर वाचला गेला असता तर साथ टळली असती, असे कोणी खात्रीने म्हणू शकत नाही. पण दवाखान्यांतल्या लोकांना सावध राहता आले असते. ज्यांच्या रक्तातून ते ज्ञान मिळाले होते, त्यांच्यापर्यंत ते तीस वर्षांत पोहोचले नाही.

दुसरे उदाहरण भाषेचे आहे. बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूची लागण डुकरांना झाल्याचे चीनमधील संशोधकांनी चिनी भाषेतल्या नियतकालिकांत नोंदवले होते. डुकराच्या शरीरात पक्ष्यांचा आणि माणसांचा असे दोन्ही फ्लू मिसळू शकतात, म्हणून ही नोंद गंभीर होती. तरीही २००४ मध्ये ती जागतिक आरोग्य संघटनेच्या लक्षात यायला काही महिने गेले.

शंभूनाथ डे यांची हकिकत भारताला जास्त जवळची आहे. कोलकात्याच्या या संशोधकाने १९५९ मध्ये दाखवून दिले की पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जुलाब जंतूंनी सोडलेल्या विषामुळे होतात. जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात सोडला, तरी तिथे पाणी साठते, हा त्यांचा प्रयोग होता. निबंध ‘नेचर’मध्ये छापला गेला, तरी त्याचे मोल जगाला उमगायला वर्षे लागली. १९७८ मध्ये त्यांना स्टॉकहोमच्या नोबेल परिसंवादाला बोलावले गेले, आणि नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेलसाठी सुचवले होते. पण भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले नाही. १९८५ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी युजीन गारफिल्ड यांनी पटकीच्या संशोधनातल्या संदर्भांचे जाळे मांडून डे यांच्या कामाचे महत्त्व एका लेखातून दाखवून दिले. गारफिल्ड यांची सूची दुर्लक्षित माणसालाही पुढे आणू शकते, हे या लेखाने सिद्ध केले. त्यासाठी आकड्यामागचे काम समजून घेणारा माणूस मात्र लागला.

भाषेची पायरी

आजच्या विज्ञानाची सामाईक भाषा इंग्रजी आहे आणि त्याचा फायदाही मोठा आहे. पण विज्ञान फक्त इंग्रजीत होते हा समज खरा नाही. तात्सुया अमानो आणि सहकाऱ्यांनी जैवविविधतेच्या रक्षणाविषयी २०१४ मध्ये निघालेले लिखाण १६ भाषांत शोधले. सापडलेल्या ७५,००० हून अधिक दस्तऐवजांपैकी ३५.६ टक्के इंग्रजीत नव्हते. जंगल आणि प्राणी जिथे आहेत तिथल्या भाषेतच त्यांच्याविषयीचे बरेचसे ज्ञान आहे, आणि जागतिक आढावे घेणारे ते वगळून निष्कर्ष काढतात.

इंग्रजीत लिहायचे ठरवले तरी जास्तीचे श्रम पडतात. अमानो यांच्याच गटाने २०२३ मध्ये आठ देशांतील ९०८ पर्यावरण संशोधकांची पाहणी प्रसिद्ध केली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे निबंध केवळ भाषेच्या कारणाने परत येण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे अडीच पट निघाले, तर भाषा सुधारून आणण्याची सूचना त्यांना साडेबारा पट अधिक वेळा मिळत होती. वाचायला, लिहायला आणि परिषदेतल्या भाषणाची तयारी करायलाही त्यांना जास्त वेळ लागत होता.

मराठीची स्थिती यातून वेगळी नाही. मराठ्यांचा इतिहास, ग्रामीण समाज, लोकपरंपरा आणि बोली या विषयांतले कितीतरी मूलभूत काम मराठीत झाले आहे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून मूळ कागदपत्रे शोधून प्रसिद्ध करत आले आहे. पण मराठी नियतकालिकांतले संशोधन जागतिक सूचींमध्ये जवळजवळ सापडत नाही. त्या मापाने मोजणाऱ्याला हे सारे काम झालेलेच नाही असे वाटेल.

पैशाची पायरी

प्रकाशनाचा खर्च दोन बाजूंनी अडवतो. पूर्वापार पद्धतीत वाचणारा पैसे देतो, म्हणजे ग्रंथालये वर्गणी भरतात आणि गरीब संस्थांची दारे बंद राहतात. त्यावर उतारा म्हणून खुल्या प्रकाशनाची, म्हणजे ‘ओपन अ‍ॅक्सेस’ची, चळवळ उभी राहिली. पण मोठ्या प्रकाशकांनी वाचकाकडून न घेतलेले पैसे लेखकाकडून घ्यायला सुरुवात केली. ‘नेचर’ने २०२१ पासून खुल्या निबंधासाठी ९,५०० युरो आकारायचे ठरवले. त्या वेळी ही रक्कम साडेआठ लाख रुपयांच्या आसपास होती. काही देशांना आणि संस्थांना सवलत मिळते, तरी लहान महाविद्यालयातल्या संशोधकाला असा खर्च परवडत नाही. आधी त्याला वाचता येत नव्हते, आता छापता येत नाही.

भारत सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद करून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना खुली करण्याचा हा बेत आहे. तालुक्याच्या गावातल्या सरकारी महाविद्यालयालाही त्यामुळे महानगरातल्या संस्थेइतकेच वाचता येऊ शकते. वाचनाचा प्रश्न यातून बराच सुटतो. आपले संशोधन जगाला दिसण्याचा प्रश्न त्यानंतरही उरतो.

आकड्यांचा पाठलाग

जिथे आकड्यांवर पोट अवलंबून असते तिथे आकडे तयार करणारेही येतात. भारतात २०१० पासून प्राध्यापकांच्या निवडीत आणि बढतीत प्रकाशनांना गुण मिळू लागले. दर्जेदार नियतकालिकांत जागा थोडी आणि गरजू लेखक भरपूर, तेव्हा पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बोगस नियतकालिकांचे पेव फुटले. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) केलेल्या मान्य नियतकालिकांच्या यादीतही ती शिरली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या नियतकालिकांची तपासणी करून २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. तपासलेल्या १,००९ नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसत नव्हती. त्याच वर्षी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. २०१९ मध्ये नवी ‘यूजीसी-केअर’ यादी आली. २०२५ मध्ये आयोगाने तीही थांबवली आणि नियतकालिकांची पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली.

महाराष्ट्रात उलट बाजूचीही उदाहरणे आहेत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या विंचूदंशाचा अभ्यास केला आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. गडचिरोलीतले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ग्रामीण स्त्रियांच्या आजारांचे प्रमाण आणि नवजात बालकांची घरीच घ्यायची काळजी यांवर काम केले. हे संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले आणि जगभर पोहोचले. अगदी स्थानिक प्रश्नावरचे काम जगाच्या उपयोगाचे असू शकते, हे यातून दिसते. पण गावातल्या आजाराला जगाच्या नजरेत येण्यासाठी लंडनच्या संपादकांची मोहोर लागावी, ही परिस्थिती निरोगी नाही. ती न मिळालेल्या कामांची तर मोजदादही नाही.

दुसऱ्या वाटा

लॅटिन अमेरिकेने यावर स्वतःची व्यवस्था उभी केली. ब्राझीलमध्ये साओ पाउलो राज्याच्या संशोधन निधीच्या मदतीने १९९८ मध्ये ‘सायेलो’ सुरू झाले. स्पॅनिश, पोर्तुगीज आणि इंग्रजी नियतकालिके तिथे दर्जाची चाचणी लावून घेतली जातात आणि वाचकांना मोफत मिळतात. २००३ मध्ये मेक्सिकोतल्या एका सार्वजनिक विद्यापीठाने ‘रेदालिक’ उभारले. तिथली बहुतेक नियतकालिके विद्यापीठे चालवतात आणि वाचकाकडून किंवा लेखकाकडून पैसे घेत नाहीत. १९९८ पासून ‘आफ्रिकन जर्नल्स ऑनलाइन’ आफ्रिकेतली नियतकालिके एका ठिकाणी आणत आहे. सायेलोची सूची २०१४ पासून वेब ऑफ सायन्सच्या मंचावरही दिसू लागली.

मोजणीच्या रीतीवरही हरकती घेतल्या गेल्या. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या ‘डोरा’ जाहीरनाम्याने सांगितले की एकेका निबंधाचा किंवा संशोधकाचा दर्जा नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून ठरवू नये. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने दहा तत्त्वे मांडली. स्थानिक गरजांशी जोडलेल्या उत्तम संशोधनाला संरक्षण द्यावे, हे त्यांतले एक. चीनने २०२० मध्ये सूचीबद्ध निबंधांच्या संख्येवर बक्षिसे आणि बढत्या देण्याच्या प्रथेला लगाम घालणारे आदेश काढले. २०२१ मध्ये युनेस्कोच्या खुल्या विज्ञानाविषयीच्या शिफारशीने ज्ञाननिर्मितीतल्या भाषिक वैविध्याला पाठिंबा दिला. २०२२ मध्ये ‘ओपनअ‍ॅलेक्स’ ही सर्वांना खुली सूची आली. पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठाने २०२४ पासून वेब ऑफ सायन्सची वर्गणी बंद करून खुल्या साधनांचा मार्ग धरला.

खुल्या सूचीही परिपूर्ण नाहीत. ज्या निबंधाला ‘डीओआय’ हा कायमचा ओळखक्रमांक नाही, ज्याचा सारांश आणि लेखकांची नावे संगणकाला वाचता येतील अशी नोंदलेली नाहीत, तो तिथेही निसटतो. अनेक छोटी नियतकालिके एखाद्या प्राध्यापकाच्या फावल्या वेळावर चालतात आणि ही कामे त्यांच्याकडून राहून जातात. विद्यापीठांनी त्यांना तांत्रिक मनुष्यबळ दिले, स्थानिक भाषेतल्या निबंधाला इंग्रजी सारांश जोडला आणि जुने अंक व्यवस्थित नोंदवून खुले केले, तर थोड्या खर्चात पुष्कळसे काम उजेडात येते. परदेशी संशोधकांनी नमुने नेताना स्थानिक सहकाऱ्यांना लेखक म्हणून बरोबर घेतले आणि निष्कर्ष त्या देशाच्या आरोग्य खात्याच्या हाती दिले, तर लायबेरियासारखी चूक टाळता येते.

मोजमाप मुळातच वाईट नाही. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या संशोधनाचा हिशेब मागितलाच पाहिजे, आणि आकड्यांमुळे वशिलेबाजीला काही प्रमाणात आळाही बसतो. मात्र आकडा कोणत्या सूचीतून आला, त्या सूचीत कोण नाही आणि का नाही, हे त्याच्याबरोबर सांगितले गेले पाहिजे. नेमणुकीची असो वा अनुदानाची, प्रत्येक समितीने उमेदवाराचे दोन-चार निबंध प्रत्यक्ष वाचावेत, ते कोणत्याही भाषेत आणि कुठेही छापलेले असोत. या कामाला वेळ लागतो आणि त्या विषयाची जाण लागते. गारफिल्ड यांच्या सूचीने निबंध शोधून देण्याचे काम केले होते. तो वाचून त्याची पारख करण्याचे काम तिने कधीच अंगावर घेतले नव्हते. ते माणसांचेच आहे.